व्यसनमुक्ती आणि शाळा : कुमारवयीन मुलांच्या निवासी उपचारांचा इतिहास व आपला बीड जिल्हा



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीवर जाणकार मंडळी लिहीत आहेतच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर व व्यवसायाने कापड दुकानदार. इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तथापि गेली काही वर्षे एका विषयाची माहिती मी जमेल तशी गोळा करीत आलो आहे. तेरा ते अठरा या वयातील मुले व्यसनात सापडली तर त्यांना ठेवायचे कोठे, बरे करायचे कसे आणि त्या काळात त्यांच्या शाळेचे काय, असा तो विषय आहे. उत्सवी अंकात हा विषय काहींना अप्रिय वाटेल. परंतु ज्या समाजाने वसतिगृहे काढली, शाळा काढल्या आणि व्यसनत्याग हा श्रावकाच्या आचाराचा पाया मानला, त्या समाजाच्या अंकात हा विषय यायचा नाही तर कोठे यायचा?

सप्तव्यसनांची यादी आपल्याकडे लहानपणापासून पाठ असते. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन. ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. ती कर्त्या, प्रौढ गृहस्थासाठी आहे. जुगार खेळायला हाती पैसा लागतो, शिकारीला शस्त्र लागते. त्यागाची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, म्हणजे गुरूंसमोर हात जोडून पच्चक्खाण घेणे, तीही समजून उमजून निश्चय करू शकणाऱ्या माणसाची आहे. त्या पद्धतीने असंख्य कुटुंबे सावरली, याबद्दल शंका नाही. परंतु पंक्चरचे सोल्युशन रुमालावर ओतून हुंगणारा आठवीतला मुलगा त्या यादीत कोठे बसत नाही. त्याला शपथ घालता येते, ती पाळण्याचे बळ मात्र त्याच्या शरीरात उरलेले नसते. त्याला आधी औषध लागते, जागा लागते, सोबत लागते, आणि त्या वयाचे जे मुख्य काम, शिकणे, तेही लागते. या चार गोष्टी एकत्र आणण्याचे प्रयत्न कोठे व कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम शाळेची आणि वसतिगृहाची बाजू घेऊ, कारण ती आपल्या घरची आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली वसतिगृहांची जी चळवळ सुरू झाली, तिच्या आरंभीच्या वसतिगृहांत दिगंबर जैन बोर्डिंग होते. कुंभोजचे भाऊराव पाटील त्याच बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि मुलाला शिकवायचे तर आधी त्याला राहायला व खायला दिले पाहिजे, हे तत्त्व खेडोपाडी नेले. आपल्या बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातील कडा येथे बत्तीस आगमांचे हिंदी भाषांतर करणारे आचार्य अमोलकऋषीजी महाराज यांच्या नावाने जैन शिक्षण संस्था व बोर्डिंग उभे राहिले. निजामी राजवटीत मराठी माध्यमाच्या शाळा तुरळक होत्या. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात विलीन झाले, त्यानंतरही बरीच वर्षे खेड्यातल्या मुलाला सातवीनंतर बाहेरगावी राहण्यावाचून गत्यंतर नसे. आष्टी, पाटोदा भागातील अनेक जैन घरांतल्या आजोबा-पणजोबांचे शिक्षण कड्याच्या बोर्डिंगने केले आहे. पहाटेची घंटा, थंड पाण्याची आंघोळ, प्रार्थना, ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी अभ्यास आणि वर गृहपतींची करडी नजर. व्यसनमुक्ती हा शब्द तेव्हा कोणी उच्चारत नसे. पण कुमारवयाला आखून दिलेला दिवस हेच व्यसनाविरुद्धचे पहिले कुंपण असते, हे त्या गृहपतींना ठाऊक होते.

त्याच कड्याच्या बोर्डिंगमध्ये वाढलेले आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ साली भारतीय जैन संघटनेची स्थापना केली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला, तेव्हा त्यांनी सुमारे बाराशे मुले पुण्याकडे नेली आणि त्यांच्यासाठी वाघोलीचे शैक्षणिक संकुल उभे राहिले. पुढे मेळघाटातील आदिवासी मुले तेथे आली आणि २०१५ साली मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले आली. वाघोलीचा येथे उल्लेख करण्याचे कारण असे की, घर कोसळलेल्या मुलाला नुसते शाळेत बसवून भागत नाही, त्याच्या मनावरचा घाव आधी पाहावा लागतो, हे आपल्या समाजाने तेथे मोठ्या प्रमाणावर अनुभवले. व्यसनी मुलासाठी लागणाऱ्या निम्म्या गोष्टी म्हणजे निवास, जेवण, शिस्त आणि मनाची विचारपूस. त्या आपल्याला येतात. उरलेली निम्मी बाजू वैद्यकाची. ती आपल्या बोर्डिंगांच्या परंपरेत कधीच नव्हती, आणि व्यसन उघडकीस आलेल्या मुलासाठी बोर्डिंगचा नियम एकच असे : ट्रंक उचलून घरी पाठवणे. बाकीच्या मुलांच्या दृष्टीने तो नियम योग्यही असेल. त्या एका मुलाचे पुढे काय झाले, याची नोंद कोठल्याही वसतिगृहाच्या वहीत सापडत नाही.

आता दुसरी, उपचाराची वाट. महाराष्ट्रात ती ज्या नावाने ओळखली जाते ते नाव मुक्तांगण. १९८० च्या दशकाच्या मध्यास मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे 'गर्द', पसरली. महाविद्यालयीन मुले त्यात सापडली. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. डॉ. अवचट यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्या रुग्णालयाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. तेथे येणाऱ्यांच्या त्या 'मोठ्या मॅडम'. १९९७ साली त्यांचे निधन झाले आणि कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेले. डॉ. अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले.

मुक्तांगणची पद्धत व्यापाऱ्याच्या नजरेनेही पाहण्यासारखी आहे. साधारण पस्तीस दिवसांचा मुक्काम. पहिले काही दिवस शरीरातील विष उतरेपर्यंत वैद्यकीय देखरेख, नंतर योग, श्रमदान, समूहोपचार, समुपदेशन. काम करणाऱ्यांत अनेक जण स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग : घरी गेलेल्या माणसाचा पाठपुरावा. गावोगावी होणाऱ्या बैठका, पत्रे, पत्नीसाठी वेगळा गट. उधारी वसूल करायची तर माणूस दुकानातून बाहेर पडल्यानंतरच खरे काम सुरू होते, हे आपण जाणतोच. येथेही तोच हिशेब आहे. मात्र या सर्व रचनेचा आराखडा मुळात नोकरी-धंदा, बायको-मुले असलेल्या माणसाला समोर ठेवून झालेला होता. त्याला बरे करून परत पाठवायचे ते कामावर आणि संसारात. चौदा वर्षांच्या मुलाला परत पाठवायचे ते वर्गात. आणि तो वर्ग तोवर त्याला सोडून पुढे गेलेला असतो.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. आमच्या दुकानात अनेक वर्षे काम केलेल्या एका गृहस्थांचा मुलगा नववीत असताना सोल्युशनच्या नादी लागला. घरच्यांनी धावपळ करून त्याला दूरच्या एका शहरातील केंद्रात ठेवले. तेथे खोलीत त्याच्यासोबत चाळीस-पन्नास वयाची माणसे होती. दारूच्या त्यांच्या गप्पा तो रात्रभर ऐके. महिन्याने तो परत आला तो खरोखर सुधारून, अंगावर मांस धरून. शाळेत गेला तर हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. दाखला न्या, म्हणाले. वडिलांनी चार चकरा मारल्या, पाचवी मारली नाही. मुलगा दिवसभर मोकळा, मित्र तेच, कोपरा तोच. दिवाळीपर्यंत जेमतेम तग धरली. आज तो ट्रकवर क्लीनर आहे. त्याच्यावरचा उपचार वाईट होता असे मी म्हणणार नाही. उपचार आणि शाळा या दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती, एवढेच.

ही ओळख करून देण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत फार पूर्वी झाला होता, आणि तो फसला. त्याची हकीगत आपण जाणून घेतली पाहिजे. न्यूयॉर्क शहरात दुसऱ्या महायुद्धानंतर अल्पवयीन मुलांत हेरॉईनचे व्यसन वाढले. ईस्ट रिव्हर नदीतील नॉर्थ ब्रदर या बेटावर एक जुने संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय होते. 'टायफॉइड मेरी' म्हणून जगभर कुप्रसिद्ध झालेली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण १९३८ साली मरेपर्यंत याच बेटावर ठेवलेली होती. १९५२ साली तेथे रिव्हरसाइड हॉस्पिटल या नावाने केवळ कुमारवयीन व तरुण व्यसनींसाठी रुग्णालय उघडले. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक तर होतेच. शिवाय शहराच्या शिक्षण मंडळाने बेटावर चक्क शाळा चालवली. कागदावर पाहिले तर यात उणे काही नव्हते. पाण्याने वेढलेले बेट, म्हणजे विक्रेता आत येण्याची भीती कमी. उपचार आणि शिक्षण एका आवारात. खर्चालाही कसर नव्हती.

काही वर्षांनी कोलंबिया विद्यापीठातील तज्ज्ञांनी १९५५ मध्ये तेथे दाखल झालेल्या २४७ मुलामुलींचा मागोवा घेतला. बहुतेक सर्व पुन्हा व्यसनाकडे गेलेले आढळले. काही मरण पावले होते, काही तुरुंगात होते. व्यसनापासून दूर राहून धड जगत असलेले केवळ आठ जण निघाले, आणि त्या आठांनीही आपण मुळात व्यसनी नव्हतोच, असे सांगितले! १९६३ साली रिव्हरसाइड बंद झाले. बेट आज ओसाड आहे, इमारतींवर झाडे वाढली आहेत.

असे का झाले असावे? जाणकारांनी अनेक कारणे दिली आहेत. पुष्कळ मुले न्यायालयाच्या धाकाने आलेली होती, मनाने नव्हे. बेटावरच्या शाळेचा आणि शहरातल्या शाळेचा धागा जुळलेला नव्हता. पण मला सर्वांत जाणवते ते हे की, बोट किनाऱ्याला लागली की मुलगा थेट आपल्या जुन्या गल्लीत उतरत असे, आणि तेथे त्याची वाट पाहणारे कोण होते, तर तेच जुने मित्र. बेटावर शाळा होती, परंतु बेटाबाहेरच्या आयुष्यात ती नव्हती. येरवड्यात शाळा नव्हती, पण घरी गेलेल्या माणसाचा हात सोडला गेला नाही. म्हणून कमी साधनांतही तेथे माणसे टिकली. दोन्ही ठिकाणची माणसे, वय, काळ वेगळा, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे मी मान्य करतो. तरी त्यातून दिशा कळते.

अमेरिकेने पुढे रुग्णालयात शाळा नेण्याऐवजी उलटा विचार केला. १९८० च्या दशकात मिनेसोटा राज्यात, उपचार संपवून आलेल्या मुलांसाठी वेगळ्या छोट्या माध्यमिक शाळा निघाल्या. त्यांना तेथे 'रिकव्हरी हायस्कूल' म्हणतात. पटावर मोजकी मुले, सर्वांचा प्रश्न एकच, आणि गणित-विज्ञानाबरोबर रोजचे समुपदेशन. आणखी एक गोष्ट तिकडच्या राष्ट्रीय संस्थेने सांगितली आहे. निवासी असो वा नसो, तीन महिन्यांपेक्षा कमी काळाच्या उपचाराचा परिणाम मर्यादित राहतो. तीन महिने म्हणजे आपल्या शाळेचे जवळजवळ एक सत्र. कोणत्याही मुलाला एक सत्र शाळेबाहेर ठेवा आणि मग तो परत वर्गात रमेल अशी अपेक्षा करा, हे निरोगी मुलाच्या बाबतीतही कठीणच.

आपल्या देशात या वयाच्या मुलांचा स्वतंत्र विचार रस्त्यावरच्या मुलांपासून सुरू झाला. मुंबईत सांताक्रूझच्या वाकोला भागात 'सपोर्ट' या संस्थेने रेल्वे फलाटांवरच्या व्यसनी मुलांसाठी निवासी काम उभे केले. आधी व्यसन सोडवणे, मग राहण्याची सोय व शाळा, असे टप्पे तिने पाडले. दिल्लीत किंग्जवे कॅम्प भागातील सेवा कुटीर संकुलात एसपीवायएम या संस्थेने बालन्याय मंडळापुढे आलेल्या मुलांसाठी केंद्र चालवले. त्यात शिकवणी व हस्तव्यवसायाला जागा होती. नात्याने जवळची म्हणून आपल्याला ही उदाहरणे महत्त्वाची. मात्र दोन्ही महानगरांतली आहेत. गावाकडे आईबाप असलेल्या, पण आईबाप वर्षातले सहा महिने घरी नसलेल्या मुलाचा विचार त्यांत येत नाही. तो विचार बीड जिल्ह्यालाच करावा लागेल.

कारण आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको, म्हणजे त्यांच्या भाषेत एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आम्हा कापडवाल्यांना हे वेळापत्रक कॅलेंडरइतके पाठ असते. उचल हातात पडली की लुगडी, चादरी, मुलांना एकेक जोडी, अशी खरेदी होते आणि नंतर पेठ थंडावते. या जोडीतल्या मुलांचे दोन प्रकार. काही टोळीबरोबर जातात आणि त्यांची शाळा तुटते; काही आजीजवळ राहतात आणि शाळा चालू राहते, पण घरात विचारणारे कोणी नसते. तंबाखू-चुना दोन्हीकडे लवकर हाती येतो. फडावर भूक मारायला आणि झोप घालवायला मोठी माणसे तो खातातच. तंबाखूतून गुटखा, गुटख्यातून दारू, आणि बाजारपेठेच्या गावात सोल्युशन नाहीतर व्हाईटनर. प्रत्येक मुलगा या वाटेने जातो असे नव्हे, तसे म्हणणे त्या कष्टकरी कुटुंबांवर अन्याय करणारे होईल. आणि आपल्या पेठेतल्या सुखवस्तू घरांतली मुले यात नाहीत, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

दिल्लीच्या एम्सने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत एक आकडा असा आहे की तो वाचून मी थांबलो. इतर सर्व नशांमध्ये मोठ्यांचे प्रमाण अधिक. केवळ हुंगण्याच्या पदार्थांत ते उलटे. प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत व किशोरांत १.१७ टक्के. म्हणजे दुप्पट. हे पदार्थ हार्डवेअर, सायकल आणि स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. ती दुकाने कोणाची आहेत, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याने या विषयाची दखल टप्प्याटप्प्याने घेतली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आली. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती किती पाळली जाते हे प्रत्येकाने आपल्या बसस्थानकावर पाहावे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला, आणि बालगृहातील व्यसनाधीन मुलाला उपचारापुरते व्यसनमुक्ती केंद्रात हलवण्याची तरतूद केली. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मुलांतील व्यसनाची देशव्यापी पाहणी व राष्ट्रीय कृती आराखडा करण्यास सांगितले.

या सर्वांत आपल्या दृष्टीने महत्त्वाचा कायदा मात्र २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार त्याच्या कक्षेत येतात. अल्पवयीन मुलाला दाखल करायचे तर त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे, असे तो सांगतो. वर ज्या मुलाची हकीगत सांगितली, त्याच्या बाबतीत हे घडले नव्हते. आणखी एक अट तो घालतो. मुलाचा पालक किंवा पालकाने नेमलेला मदतनीस पूर्ण काळ मुलासोबत राहिला पाहिजे. अट मुलाच्या हिताचीच आहे. परंतु उचल घेतलेल्या बापाचा विचार करा. जानेवारी महिन्यात फड सोडून महिनाभर दवाखान्यात बसला तर मुकादम त्याचे काय करील? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे मानसोपचार विभागही आहे. मुलाला तेथपर्यंत नेणे शक्य आहे. त्याच्याजवळ बसायला माणूस नाही, येथे गाडी अडते. कायद्यातला 'पालकाने नेमलेला मदतनीस' हा शब्द म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. तो मदतनीस नातेवाईकच असावा असे नाही. रुग्णांना डबे पोहोचवणाऱ्या आपल्या मंडळींपैकी दहा जण आळीपाळीने हे काम करू शकतील की नाही, याचा ट्रस्टच्या बैठकीत विचार व्हावा.

राहण्याची बाजू जिल्ह्यात अगदीच रिकामी नाही. शिरूर कासार तालुक्यात आर्वी येथे श्री. दीपक व सौ. कावेरी नागरगोजे यांनी २००० साली 'शांतिवन' सुरू केले. ऊसतोड कामगारांच्या व निराधार मुलांच्या निवासी शिक्षणाचे ते मोठे काम आहे. गेवराईजवळ श्री. संतोष गर्जे यांनी अनाथ मुलांसाठी बालग्राम उभे केले. हंगामी वसतिगृहांची शासकीय योजना जुनीच आहे, आणि २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे. यांपैकी एकही व्यवस्था व्यसनी मुलासाठी काढलेली नाही, आणि तशी ती असावी असा माझा आग्रहही नाही. बरा होऊन आलेला एखाद-दुसरा मुलगा सत्तर-ऐंशी निरोगी मुलांमध्ये सांभाळून घेणे, हे सर्व मुले बिघडलेली अशा जागेपेक्षा पुष्कळदा हितकारक ठरते. अट एवढीच की गृहपतीला त्या मुलाचा प्रश्न माहीत असावा, उपचार करणाऱ्या डॉक्टरचा फोन त्याच्याजवळ असावा, आणि मुलगा एकदा घसरला तर ट्रंक उचलायला लावण्याआधी तो फोन केला जावा. घसरणे हा या आजाराचा भागच आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. कड्याच्या जुन्या गृहपतींना ही माहिती कोणी दिली नव्हती. आजच्यांना देता येईल.

शाळेचा धागा राखण्याबाबत एक व्यवहाराची बाब. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यावा लागतो, मागे पडलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची सोय आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. चौदाव्या वर्षापर्यंतच्या मुलासाठी पालकांनी शाळेत जाऊन एवढे जरी ठामपणे सांगितले तरी काम होते. सांगणारे कोणी सोबत असले तर लवकर होते. अडचण पंधरा-सोळाच्या, नववी-दहावीच्या मुलाची. त्याला हे संरक्षण नाही. त्याच्यासाठी दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा अर्ज आहे. आपल्याकडे तो सर्वांना ठाऊक आहे, पण नापास किंवा संसाराला लागलेल्यांसाठी म्हणूनच. उपचारातल्या मुलासाठी तो कोणी भरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हा अर्ज ठरावीक मुदतीत भरावा लागतो, जवळच्या संपर्क शाळेत कागद द्यावे लागतात, आणि आधीच्या शाळेचा दाखला जोडावा लागतो. केंद्रात दाखल केलेल्या मुलाच्या बापाला त्या धावपळीत हे सुचणे शक्य नाही. दाखल होण्याच्या दिवशीच शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटणे, नाव पटावर ठेवता येत असेल तर ठेवून घेणे, नसेल तर दाखला हाती घेऊन सतरा नंबरची मुदत वहीत टिपून ठेवणे, हे काम दवाखान्याचे नाही आणि शाळेचेही नाही. आपल्या ट्रस्टच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारी मंडळी दरवर्षी जून-जुलैत बसतातच. त्याच टेबलावर आणखी एक वही ठेवायची आहे.